काठावरच हरणारी मुले

आंतरशालेय जलतरण स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या मुलाला तलावाच्या पाण्यात उडी घेण्यापूर्वी आणखी एक प्रवाह पार करावा लागतो. हा प्रवाह कागदाचा आहे. नाव शाळेमार्फतच पाठवावे लागते. त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का लागतो. जन्मतारखेचा पुरावा लागतो, ओळखपत्र लागते, संगणकावरील नोंदणी लागते, आणि हे सारे परिपत्रकात सांगितलेल्या दिवसाच्या आत लागते. पुण्या-मुंबईच्या मुलासाठी हा प्रवाह त्याचा क्लब, त्याचा प्रशिक्षक आणि त्याचे सुशिक्षित आईबाप मिळून पार करतात. मुलाला त्याची वार्ताही नसते. बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यातल्या मुलाला मात्र तो बहुधा एकट्यानेच पार करावा लागतो, आणि कित्येकदा तो तेथेच हरतो. तलावात पहिला कोण आला हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते. काठावर कोण राहून गेला, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. आज आम्हाला या दुसऱ्या मुलाविषयी लिहावयाचे आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. नियम सैल करा, ग्रामीण मुलांना चुचकारा, अशी मागणी आम्ही करीत नाही. शालेय स्पर्धांचे प्रमाणपत्र हा आता केवळ भिंतीवर लावण्याचा कागद राहिलेला नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. ज्या कागदाला बाजारात किंमत येते, त्याची नक्कल होऊ लागते, हा जगाचा नियमच आहे. आणि बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्रातही उघडकीस आलेली आहेत. तेव्हा वयाची छाननी कडक हवी, प्रवेशाची मुदत पाळली गेली पाहिजे, पंचाचा निर्णय अंतिम असला पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न नियमांच्या कडकपणाचा नाही. नियम पाळण्याची साधने सर्वांच्या हाती सारखी आहेत काय, हा प्रश्न आहे.

बुलढाणा जिल्ह्याचा विचार यासाठीच उद्बोधक ठरतो. २०११ च्या जनगणनेनुसार २५ लाख ८६ हजार वस्तीचा आणि १३ तालुक्यांचा हा जिल्हा. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर, मध्ये पूर्णेचे खोरे, आणि घाट चढून वर आले की बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ ही विभागणी तेथील माणसाच्या बोलण्यात आजही सहज येते, कारण ती त्याच्या प्रवासात आणि पिकात रोज येते. या जिल्ह्याचे जगप्रसिद्ध जलाशय म्हणजे लोणारचे सरोवर. २०२० साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. पण त्याचे खारट, अल्कधर्मी पाणी पोहण्याच्या कामाचे नव्हे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीही खारे. अशा मुलखात खेड्यातले मूल पोहावयास शिकते ते शेतातल्या विहिरीत, नाल्याच्या डोहात नाही तर धरणाच्या काठाला. पाठीला कोरडा भोपळा किंवा रिकामा डबा बांधून, थोरल्या भावाच्या धाकात, दोन-चार वेळा नाकातोंडात पाणी जाऊन ते शिकते. त्याचा दम चांगला असतो, भीती मेलेली असते. पण आपण ५० मीटर किती सेकंदांत पोहतो, हे त्याला ठाऊक नसते. कारण विहिरीला परीघ असतो, मीटर नसतात.

आता स्पर्धेची रचना पाहू. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुले व मुली अशा गटांत होतात. जिल्ह्यात निवड झालेला खेळाडू विभागात जातो, तेथून राज्यात आणि मग राष्ट्रीय स्पर्धेत. बुलढाणा अमरावती विभागात मोडतो. या स्पर्धांपुरते महानगरपालिकेचे क्षेत्र स्वतंत्र जिल्ह्यासारखे धरले जाते; म्हणून विभागात बुलढाण्याच्या मुलाची गाठ पडते ती अमरावती आणि अकोला या शहरांच्या स्वतंत्र संघांशी. बुलढाणा जिल्ह्यात महानगरपालिका नाही. याच वाटेशी समांतर दुसरी वाट संघटनेची आहे: जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि भारतीय जलतरण महासंघ. तेथे खेळाडूला महासंघाचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि तेथील वयोगट शाळेच्या वयोगटांहून वेगळे असतात. दोन वाटा, दोन नोंदण्या, दोन प्रकारचे गट! शहरातील प्रशिक्षकाला हे पाठ असते. एकशिक्षकी नाही तरी दोन-तीन शिक्षकांच्या शाळेतील गुरुजींना, ज्यांच्याकडे क्रीडेबरोबर पोषण आहाराचा हिशेबही सोपवलेला असतो, ते पाठ असावे अशी अपेक्षा कोणी करू नये.

पहिली अडचण वयाची. वयोगटाची रेषा वर्षाच्या टोकाशी आखलेली असते. ३१ डिसेंबरला जन्मलेला मुलगा आणि दुसऱ्या दिवशी जन्मलेला त्याचा शेजारी यांच्यात निसर्गाने एका दिवसाचे अंतर ठेवले असले तरी स्पर्धेत ते एका वर्षाचे होते. अशा ठिकाणी जन्मतारीख अचूक असणे किती अगत्याचे आहे, हे सांगावयास नको. आणि आमच्या खेड्यापाड्यांतील जन्मतारखेचा इतिहास तर सर्वश्रुत आहे. महाराष्ट्रातील मागच्या पिढीतील लक्षावधी माणसांचा जन्म १ जून रोजी झाला, असे शाळेची दप्तरे सांगतात! शाळा जूनमध्ये उघडते, बापाला तारीख आठवत नाही, मग गुरुजी लेखणी उचलून मुलाला जन्मतारीख बहाल करतात, हा त्यामागचा चमत्कार. आजच्या मुलांच्या बाबतीत हा प्रकार ओसरला आहे. पण विसंगती दुसऱ्या रूपाने उरली आहे. बाळंतपण आजोळी झाले म्हणून जन्माची नोंद एका गावात, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील तारीख निराळी, आणि आधारपत्रावरील तिसरीच. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावयास हवी. एक वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून ती होत नाही. स्पर्धेचे परिपत्रक आल्यावर ज्या बापाला हे कळते, त्याचे सारे प्रयत्न वरातीमागून निघालेल्या घोड्यासारखे ठरतात.

वय चोरणाऱ्यांविषयी आमच्या मनात कणव नाही. सोळा वर्षांच्या मुलाला चौदांच्या गटात उतरविणारा प्रशिक्षक दुसऱ्या एखाद्या पोराचे पदकच चोरतो असे नव्हे, तर ज्याला उतरविले त्याचेही भवितव्य बिघडवतो. कारण खऱ्या गटात गेल्यावर त्याचे खोटे तेज दोन दिवसही टिकत नाही. केंद्र शासनाने २०१० साली क्रीडाक्षेत्रातील वयचोरीविरुद्ध राष्ट्रीय संहिता केली ती योग्यच होती. मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरविण्याची पद्धतही उपयोगी आहे. परंतु हाडांचे वय आणि जन्माचे वय यांत वर्षभराचा फरक सहज पडू शकतो, हे वैद्यकशास्त्रच सांगते. म्हणून खरा उपाय दप्तर स्वच्छ करणे हाच आहे, आणि तो स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तर स्पर्धेच्या आधीच्या वर्षात करावयाचा आहे.

येथे विदर्भाची म्हणून एक खास अडचण आहे. कडक उन्हाळ्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात. प्रवेशाची मुदत मात्र राज्याने एकाच तारखेवर बेतली, तर बुलढाण्याच्या मुख्याध्यापकाला पुण्याच्या मुख्याध्यापकापेक्षा तितके दिवस कमी मिळतात. सवलत कोणालाच दिलेली नसते, नियमही कोणासाठी बदललेला नसतो. तरीही एकाची शर्यत आठवडाभर उशिरा सुरू होते. समान नियमांतून असमानता कशी जन्म घेते, याचे याहून साधे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

दुसरी अडचण वेळेची, घड्याळातील वेळेची. जलतरणात खेळाडूंना लेन वाटून देण्याची एक ठरलेली रीत आहे. प्रत्येकाने आपली पूर्वी नोंदलेली उत्तम वेळ प्रवेशपत्रात द्यावयाची; सर्वांत वेगवान खेळाडूला मधली लेन, आणि जसजशी वेळ अधिक तसतशी कडेची. ज्याच्यापाशी अधिकृत वेळ नाही, तो सर्वांत संथ समजला जातो आणि यादीच्या तळाशी जातो. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि त्यात तर्कदुष्टता काहीच नाही. घड्याळ शेवटी सर्वांना सारखेच आहे, चांगला पोहणारा मुलगा कडेच्या लेनमधूनही पुढे येईलच, असे कोणी म्हणेल. कागदावर ते खरे आहे. पण आयुष्यात प्रथमच मोजमापाचा तलाव पाहणारा चौदा वर्षांचा मुलगा, कडेच्या लेनमध्ये, आपल्याहून संथ सोबत्यांच्या फेरीत पोहतो. त्याला ओढून नेणारा प्रतिस्पर्धी शेजारी नसतो. धावणाऱ्याला धावणारा भेटला म्हणजेच पावलाला वेग येतो, हे कोणत्याही खेळाच्या शिक्षकाला विचारावे. आणि जेथे प्रवेशासाठीच किमान वेळेची अट असते, तेथे तर अधिकृत वेळ नसलेल्या मुलाचे नाव यादीच्या तळाशीही लागत नाही.

मग ही अधिकृत वेळ मिळते कशी? त्यासाठी २५ अथवा ५० मीटर लांबीचा मोजलेला तलाव हवा. दोहोंतील वेळा एकच मानता येत नाहीत. लहान तलावात वळणे अधिक, आणि भिंतीला पाय देऊन रेटा घेतल्यामुळे वेग वाढतो. हाताच्या घड्याळांनी वेळ घ्यावयाची तर एका लेनला तीन वेळाधिकारी असतात. तिघांपैकी दोघांची वेळ जुळली तर ती खरी, तिन्ही वेगळ्या आल्या तर मधली खरी. एवढे झाले आणि ते सहीनिशी नोंदले गेले, म्हणजे मुलाच्या पोहण्याला जगाच्या लेखी अस्तित्व येते. वाचकांनी ध्यानात घ्यावे की, यात लाखो रुपयांचे यंत्र कोठेच आलेले नाही. एका वेळी एकच मूल पोहवावयाचे म्हटले तर तीन घड्याळे आणि तीन जाणती माणसे पुरतात. जे इतके स्वस्त आहे तेच दुर्मिळ असावे, ही आमच्या क्रीडाव्यवस्थेची शोकांतिका आहे.

तिसरी अडचण पाण्यातील नियमांची. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या प्रकारांत वळताना व शर्यत संपविताना भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. एक हात आधी लागला की खेळाडू बाद. बॅकस्ट्रोकमध्ये शेवटचा स्पर्श पाठीवर असतानाच झाला पाहिजे. इशाऱ्यापूर्वी उडी घेतली तर दुसरी संधी नाही. ब्रेस्टस्ट्रोक सोडून अन्य शर्यतींत उडीनंतर किंवा वळणानंतर १५ मीटरच्या आत डोके पाण्यावर आलेच पाहिजे. विहिरीत शिकलेल्या मुलाला यांतले काहीच माहीत नसते; त्याच्या विहिरीला वळण नसते आणि त्याच्या उडीला इशारा नसतो. तो जीव तोडून पोहतो, सर्वांच्या आधी भिंत गाठतो, आणि मग त्याला कळते की आपण स्पर्धेतच नव्हतो. का नव्हतो, हे समजावून सांगण्यास तेथे कोणाला सवड नसते. पुष्कळ मुले त्या दिवसानंतर पुन्हा नाव देत नाहीत. नियम मोडल्याबद्दल बाद होणे न्याय्य आहे. पण नियम न सांगता बाद करणे याला न्याय म्हणता येणार नाही.

आणि नियमांचे पुस्तक हे केवळ बाद करण्याचे पुस्तक आहे, असे मानण्याचे कारण नाही. ते जीव वाचविण्याचेही पुस्तक आहे. उडी घेण्याचा चौथरा असेल तेथे भिंतीपासून १ मीटर ते ६ मीटर अंतरापर्यंत पाण्याची खोली निदान १.३५ मीटर हवी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. खोल विहिरीत सरळ खाली सूर मारण्याची सवय झालेला मुलगा उथळ तलावात त्याच सवयीने झेपावला तर काय होईल, याची कल्पनाही नको. जलतरणाच्या पंचाने त्याला आधी उडीचा कोन शिकविला पाहिजे, मग शिट्टी फुंकली पाहिजे.

चौथी अडचण सर्वांत विपरीत आहे, कारण ती अपयशाची नसून यशाची आहे. इतक्या चाळण्यांतून गळून गळून एखाद्या गटात, एखाद्या प्रकारात जिल्ह्यातून एकच नाव उरले, तर काय होते? तो मुलगा किंवा मुलगी प्रतिस्पर्ध्यावाचून ‘जिल्ह्यात प्रथम’ ठरते. हार, छायाचित्र, प्रमाणपत्र सगळे मिळते. मात्र विभागीय स्पर्धेच्या पाण्यात पडताच आपण किती मागे आहोत हे त्याला प्रथमच कळते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? जिल्ह्याची स्पर्धा भरली पाहिजे, तीत चुरस झाली पाहिजे. आणि त्यासाठी काठावर राहिलेल्या मुलांना पाण्यात आणले पाहिजे. म्हणजे प्रवेशप्रक्रिया सोपी करणे ही दुबळ्यांवरील दया नव्हे. ती पुढे जाणाऱ्याचीही गरज आहे.

‘ज्यांच्या गावी तलावच नाही, त्यांना स्पर्धेत आणून काय साधणार?’ असा प्रश्न आमच्या सुशिक्षित मित्रांपैकी कोणी विचारील. त्यांना आम्ही २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकची आठवण देतो. विषुववृत्तीय गिनी या आफ्रिकेतील छोट्या देशाचा एरिक मुसांबानी तेथे १०० मीटर फ्रीस्टाईलमध्ये उतरला. ५० मीटरचा तलाव त्याने त्यापूर्वी पाहिलाही नव्हता. त्याच्या फेरीतील अन्य दोघे इशाऱ्यापूर्वी उडी घेतल्यामुळे बाद झाले आणि हा एकटा पोहला. विजेत्याने अंतिम शर्यत ४८.३० सेकंदांत जिंकली. मुसांबानीला १ मिनिट ५२.७२ सेकंद लागले. जग हसले आणि जगाने टाळ्याही वाजविल्या. परंतु तो तेथे आला कसा? ज्या देशांत साधने नाहीत त्यांनाही दार उघडे असावे म्हणून आंतरराष्ट्रीय क्रीडासंस्थांनी किमान वेळेची अट त्याच्यापुरती बाजूस ठेवली म्हणून. पाण्यातले नियम मात्र त्याच्यासाठी यत्किंचितही बदलले नाहीत. दार रुंद करावे, माप बदलू नये, हेच ते सूत्र.

आणि हे सूत्र आफ्रिकेतील छोट्या देशांसाठीच आहे, अशी कोणाची समजूत असेल तर तीही दूर व्हावी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचे दोनच जलतरणपटू उतरले: श्रीहरी नटराज आणि अवघ्या १४ वर्षांची धिनिधी देसिंघू. दोघांनाही प्रवेश मिळाला तो याच सार्वत्रिक प्रतिनिधित्वाच्या तरतुदीखाली. जगाच्या दारात उभे राहून जो न्याय भारत स्वतःसाठी घेतो, तोच न्याय भारताच्या दारात उभ्या असलेल्या संग्रामपूरच्या मुलीला नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तेव्हा करावयाचे काय? आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली, वयाच्या कागदांची पडताळणी परिपत्रकाची वाट न पाहता उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीच शाळाशाळांतून व्हावी, म्हणजे चूक दुरुस्त करण्यास हातात दोन-तीन महिने राहतील. दुसरी, प्रवेशाची मुदत ठरविताना विदर्भातील शाळा उशिरा उघडतात हे ध्यानात घ्यावे. तिसरी, जिल्हा क्रीडा कार्यालयाने स्पर्धेपूर्वी वेळनोंदीचे दिवस जाहीर करावेत. घाटावरच्या मुलांसाठी एक आणि घाटाखालच्या मुलांसाठी एक, असे निदान दोन दिवस असावेत, आणि जेथे मोजमापाचा तलाव मिळेल तेथे तीन घड्याळे लावून येईल त्या प्रत्येक मुलाची वेळ नोंदून त्याच्या हाती द्यावी. बोथ्याचा घाट चढून येणाऱ्या मुलाला येण्याजाण्याचे भाडे द्यावे. हा खर्च उद्घाटनाच्या मंडपाहून निश्चित कमी येईल. चौथी, पाण्यातील नियम सोप्या मराठीत, चित्रांसह, चार पानांत छापून प्रत्येक माध्यमिक शाळेत लावावेत. पाचवी, बाद ठरलेल्या प्रत्येक मुलाला कोणत्या नियमाखाली बाद ठरविले ते कागदावर लिहून द्यावे. पंचाच्या अधिकाराला याने बाध येत नाही. उलट त्याच्या निर्णयाला वजन येते.

आता या शहरातील वाचक विचारील की, बुलढाण्याच्या विहिरीतल्या पोरांशी आमचा संबंध काय? संबंध असा की, आपल्या मुलामुलींना रोज पहाटे तलावावर नेणारे पालक ज्या पदकाचा अभिमान बाळगतात, त्याचे मोल ते किती जणांना मागे टाकून मिळाले यावर ठरते. कोल्हापूरचा वीरधवल खाडे वयाच्या सोळाव्या वर्षी, २००८ साली, बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळविले. १९८६ च्या सोल येथील खजान सिंग यांच्या रौप्यपदकानंतर जलतरणात भारताला मिळालेले ते पहिलेच आशियाई पदक होते. दोन पदकांमध्ये चोवीस वर्षांची ही पोकळी एवढ्या मोठ्या देशात पडली. भारतीयांच्या हातापायांत बळ नाही म्हणून ती पडली, असे आम्ही मानीत नाही. ज्यांच्या हातापायांत बळ आहे त्यांतल्या फारच थोड्यांना आपण घड्याळापुढे उभे केले, म्हणून ती पडली. जलतरणात चौदा ते सतरा ही वर्षे निर्णायक असतात, आणि एका चुकीच्या तारखेपायी गेलेले त्यांतले एक वर्ष कोणताही दंडाधिकारी परत देऊ शकत नाही.

जो मुलगा घड्याळापुढे हरतो, त्याच्याविषयी हळहळ वाटली तरी तक्रार करता येत नाही. हार-जीत हा खेळाचा धर्मच आहे. हरल्यावर आपण नेमके किती सेकंदांनी मागे पडलो, हे तरी त्याला कळते, आणि पुढच्या वर्षी ते भरून काढण्याची ईर्ष्या घेऊन तो घरी जातो. काठावरच हरलेल्या मुलाला हे सुखही नाही. तो किती चांगला पोहत होता, हे त्याला कधी कळणार नाही आणि आपल्यालाही नाही. पुढील वर्षीच्या स्पर्धांची परिपत्रके निघण्यास अद्याप अवकाश आहे. क्रीडा खात्याने, जिल्हा परिषदेने आणि जलतरण संघटनांनी एकत्र बसून एवढ्या अवधीत ही पाच कामे करावीत. त्यांसाठी नवा कायदा नको, नवा निधी फारसा नको. तीन घड्याळे, चार छापील पाने आणि थोडी आस्था एवढीच सामग्री हवी. ती सामग्रीही आपल्यापाशी नसेल, तर पदकांच्या तक्त्यात आपले नाव तळाशी दिसते म्हणून दर चार वर्षांनी सुस्कारे टाकण्याचा अधिकार आपण सोडून द्यावा, हेच प्रामाणिकपणाचे होईल.